जुन्या बोअरची माणसं

मुंबईच्या दिंडोशीत राहणाऱ्या माणसाकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे असं कळलं की समोरचा दोनच शक्यता धरतो. एकतर हा बिल्डर असणार, नाहीतर फिल्मसिटीत सामान पुरवत असणार. मी दोन्ही नाही. मालाडला आमचं सोन्याचांदीचं छोटं दुकान होतं. रात्री माल आणि गल्ला घेऊन घरी यावं लागे, म्हणून बाबांनी परवाना काढला आणि कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं. त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर ते माझ्या नावावर झालं. (नियमांत तशी सोय आहे. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं, की तो हयात असतानाच ते वारसाकडे देता येतं.) पुढे बाबा गेले, दुकान बंद झालं, हत्यार राहिलं. जगाने बाजूला सारलेल्या काडतुसाची बाजू घेत बसलेली आमच्यासारखी माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्यात वावरताना जे जे ध्यानात आलं, ते हे.

१. आपण निवडलं असं ज्याला म्हणतो, ते बहुतेकदा पदरात पडलेलं असतं. बाबा बत्तीस बोअरची तारीफ अशी करत की जणू दहा प्रकारची काडतुसं समोर मांडून, एकेक पारखून त्यांनी हे उचललं होतं. ‘झटका कमी, नेम पक्का, आणि खिशाला कळत नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नूतनीकरणाच्या निमित्ताने मी शस्त्र नियमांची पुस्तिका वाचायला घेतली, तेव्हा त्यांनी कधीच न सांगितलेला भाग सापडला. अडतीस, चारशे पंचावन्न, नऊ एमएम ही लष्कराच्या आणि पोलिसांच्या वापरातली मापं सामान्य माणसाला बंद आहेत. थ्री नॉट थ्री रायफलचंही तेच. यामागचा विचार इंग्रजांच्या काळातला आहे. छावणीतून एखादं काडतूस बाहेर फुटलंच, तर ते कुणा नागरिकाच्या हत्यारात बसता कामा नये. मग हातात धरायच्या हत्यारासाठी उरतं काय, तर मुख्यतः बावीस आणि बत्तीस. त्यात ऐंशीच्या दशकात परदेशी हत्यारांची खाजगी आयातही जवळपास बंद झाली. म्हणजे मालाडच्या सोनाराला निवड करायची होती ती फार तर मुठीच्या रंगाची. हे वाचून मला बाबांचं हसू यायला हवं होतं. पण गंमत अशी की कुणी विचारलं तर मीही आता ‘झटका कमी, नेम पक्का’ असंच सुरू करतो. आवाजसुद्धा त्यांच्यासारखा लागतो, असं घरचे म्हणतात.

२. आपली वस्तू किती जुनी आहे ते नीट कळलं की अभिमानाचा सूर जरा खाली येतो. माझी समजूत अशी होती की बत्तीस हे अस्सल कानपुरी प्रकरण. प्रत्यक्षात रिव्हॉल्व्हरचं हे काडतूस अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १८९६ साली बाजारात आणलं. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, आणि पावसाळा सरता सरता शहरात प्लेग शिरला. तेव्हा आमच्या डोंगरापलीकडची फिल्मसिटी ज्या धंद्यावर उभी आहे तो धंदा आणि माझ्या कपाटातलं काडतूस, दोघांचं मुंबईच्या पंचांगातलं जन्मसाल एकच.

त्या काळी न्यूयॉर्कच्या पोलिसांचा कारभार थिओडोर रूझवेल्ट बघत, तेच पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्यांनी आपल्या शिपायांना एकाच प्रकारचं बत्तीस बोअरचं कोल्ट रिव्हॉल्व्हर दिलं. कोल्टवाल्यांची पंचाईत वेगळीच होती. आपल्या हत्यारावर प्रतिस्पर्ध्याचं नाव कोरायचं कसं? त्यांनी गोळीचं टोक जरा चपटं केलं आणि तेच काडतूस ‘कोल्ट न्यू पोलीस’ या नावाने खपवलं. एवढा मान मिळालेलं हे काडतूस, पण मान टिकला नाही. अडतीस स्पेशल आलं आणि पोलिसांची मर्जी तिकडे गेली. पुढे नऊ एमएमच्या पिस्तुलांनी तर रिव्हॉल्व्हरलाच त्यांच्या कमरेवरून उतरवलं. आज तिकडे बत्तीस लाँग वापरतात ते जुन्या वस्तूंचे षौकीन. याच घराण्यातलं तीनशे सत्तावीस फेडरल मॅग्नम नावाचं तगडं काडतूस या शतकात निघालं. त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आपलं बत्तीसही चालतं, एवढ्यावर बत्तीसची मंडळी खूश असतात. मीही झालो होतो, आणि माझं त्या रिव्हॉल्व्हरशी काडीचं देणंघेणं नाही.

३. आपण हत्याराचे भक्त समजतो स्वतःला, पण खरे असतो काडतुसाचे आश्रित. रिव्हॉल्व्हर कपाटात पन्नास वर्षं पडून राहिलं तरी त्याचं काही बिघडत नाही. काडतूस मिळालं नाही, तर मात्र ते पाऊण किलोच्या आसपासचं लोखंड. बत्तीस बोअर असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन जाती आहेत. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस लाँग वेगळं, त्याच्या बुडाला कड असते. सरकारी कारखान्यातल्याच ‘अशनी’ पिस्तुलाचं बत्तीस वेगळं, ते ब्राउनिंगने १८९९ मध्ये काढलेलं, सात पूर्णांक पासष्ट एमएमचं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. नव्याने परवाना काढलेल्या माणसाला हे सांगताना जुन्या लोकांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते बघण्यासारखं असतं.

आमच्या घरातली काडतुसं खडकीची. पुण्याजवळचा हा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. बुडावर ‘केएफ’ अशी दोन अक्षरं असतात, खडकीला इंग्रज किर्की म्हणत त्या नावावरून आलेली. हत्यार कानपूरचं असलं तरी दाणापाणी आपल्या महाराष्ट्राचं, याचा बाबांना फार अभिमान. २०२१ मध्ये सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. कानपूर एका कंपनीत गेलं, खडकी दुसऱ्या. त्या बातमीच्या दिवशी बाबा असते तर दिवसभर पेपर सोडला नसता.

आणि काडतूस काही वाण्याच्या दुकानात मिळत नाही. परवान्यावर मर्यादा लिहिलेली असते, प्रत्येक खरेदीची नोंद होते, शिक्का पडतो. त्यामुळे प्रत्येक काडतुसाला घरात जवळजवळ नाव असतं. बाबा आधी जुनी काढत, नवी मागे ठेवत. तांदळाच्या डब्यातही आई हेच करायची. वापरायला कंजूष आणि जपायला उदार, अशी सवय लागली की आपोआप प्रेम बसतं. मुबलक मिळालं असतं तर इतकं बसलं असतं का, याची मला शंका आहे.

४. आकडे बघितल्यावरही माणूस बदलत नाही, फक्त युक्तिवाद बदलतो. बत्तीस लाँगची साधी शिशाची गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची. ती सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर जाते. नऊ एमएमची गोळी आठ ग्रॅमच्या जवळपास आणि वेग साडेतीनशे मीटरच्या घरात. गुणाकार केला तर नऊ एमएमचा जोर तिपटीच्या आसपास निघतो. हा हिशोब मी एकदा परवान्याच्या रांगेत बसलेल्या एका निवृत्त गृहस्थांना करून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अहो, पण मुंबईच्या फ्लॅटमध्ये भिंत किती जाड असते? तिपटीने जोर असलेली गोळी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाईल त्याचं काय?” युक्तिवाद बिनतोड होता. फक्त तो त्यांना त्या क्षणी सुचला होता, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. त्या रांगेतल्या कुणालाही, माझ्यासकट, गरज म्हणून एकदाही चाप ओढावा लागलेला नव्हता. ज्याचा कधी वापरच झाला नाही, त्याच्या ताकदीबद्दल आम्ही तासभर वाद घातला.

५. बिबट्याबद्दल. आमच्या सोसायटीमागचा डोंगर राष्ट्रीय उद्यानाकडे जातो, आणि दिंडोशी-आरे पट्ट्यात बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून असतेच. दर वेळी कुणीतरी मला अडवून म्हणतं, “तुम्ही असताना आम्हाला कसली भीती!” बिबट्या कायद्याने पूर्ण संरक्षित आहे, हे मी आधी सांगतो. बत्तीस बोअर घेऊन त्याच्यासमोर उभं राहायची वेळ आली तर संरक्षणाची गरज कुणाला असेल, हे सांगत नाही.

६. खऱ्या नेमबाजांपुढे आपली निष्ठा फारच घरगुती वाटते. एका मित्राच्या आग्रहाने मी वरळीच्या रेंजवर जायला लागलो, ते मनात थोडा रुबाब घेऊनच. तिथे कळलं की ज्या काडतुसाला मी दुर्लक्षित म्हातारा समजत होतो, त्याचं दुसरं आयुष्य खेळात अगदी तालेवार आहे. पंचवीस मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात बहुतेक नेमबाज बत्तीस लाँगच वापरतात. पण त्यांचं काडतूस निराळं. त्याची गोळी सपाट तोंडाची, पुंगळीच्या आत पार काठापर्यंत बसवलेली. तिला वॅडकटर म्हणतात. लक्ष्याच्या कागदाला ती स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे रेषेला लागलं की नाही यावर वाद होत नाही. माझ्या गोळीने कागद नुसता फाटतो. झटका कमी, नेम पक्का हे बाबांचं वाक्य इथे अक्षरशः खरं होतं. फरक इतकाच की इथे ते सिद्ध करायला साठ गोळ्या मारून दाखवाव्या लागतात. तीस सावकाश. तीस अशा, की लक्ष्य तीन सेकंद तोंड दाखवतं आणि सात सेकंद फिरून बसतं.

जसपाल राणाने १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण घेतलं. २००६ मध्ये दोहाला पुन्हा घेतलं, तेही सहाशेपैकी ५९० करून, जागतिक विक्रमाची बरोबरी साधत. मी घरी परत येताना लोकलमध्ये ते ५९० मनातल्या मनात घोळवत होतो. साठ गोळ्यांत फक्त दहा गुण गेले. माझे दहा गुण पहिल्या दोन गोळ्यांत जातात, म्हणजे उरलेल्या अठ्ठावन्न मी निव्वळ प्रेमापोटी मारतो.

तिथेही ओहोटी आहेच. सेंटर फायर ऑलिंपिकमध्ये कधी नव्हतं. २०१० च्या दिल्लीनंतर राष्ट्रकुल स्पर्धांतून गेलं, २०१४ च्या इंचिऑननंतर आशियाई स्पर्धांतूनही. राष्ट्रीय स्पर्धेत आणि जागतिक अजिंक्यपदाला ते अजून आहे. पण पदक, नोकरी, शिष्यवृत्ती यांची वाट दहा मीटर एअर पिस्तुलातून किंवा बावीस बोअरमधून जाते, आणि पोरं तिकडेच जाणार. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटरचं सुवर्ण आणलं ते बावीस बोअरच्या पिस्तुलावर. रेंजवरच्या मुलींना तिचं नाव घेतलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. बत्तीसवाल्या बाकावर मात्र आम्ही केस पिकलेले. आमच्यातले एक काका, राज्य पातळीवर खेळलेले, एकदा मला म्हणाले, “माझा प्रकार स्पर्धेतून गेला तरी माझी सकाळ गेली नाही ना?” एवढं बोलून ते पिस्तूल पुसायला लागले. मी वहीत लिहून घ्यावं असं काही ते बोलले नव्हते. पण त्या दिवसानंतर मी रेंजवर रुबाब करायचा सोडला.

७. जिथे चारजण एका जुन्या वस्तूवर प्रेम करतात, तिथे पाचव्या दिवशी जात तयार होते. बत्तीसवाल्यांत सर्वांत वरचे कोण, तर ज्यांच्याकडे आयात बंद होण्याआधीचं विलायती वेब्ली आहे ते. त्याच्या किमती लाखांत बोलल्या जातात आणि मालक ते विकत नाही, फक्त किंमत काढून येतो. मग आमची कानपुरी जमात. आमच्या रिव्हॉल्व्हरचा सांगाडा वेब्लीच्याच वळणाचा, मधोमध मोडून उघडणारा. पण हे आम्ही सांगितलं की वेब्लीवाला नुसता हसतो. आमच्यातही पोटभेद आहेत. २०१४ मध्ये दिल्लीच्या निर्भयाच्या आठवणीने ‘निर्भीक’ नावाचं हलकं, टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर निघालं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. ते घेणाऱ्याकडे जुने कानपुरीवाले कौतुकाने बघतात आणि पाठ फिरली की म्हणतात, “वजन नाही, हातात काही वाटतच नाही.” आमचं हे सगळं बत्तीसच. एकाच खडकीच्या काडतुसावर सगळ्यांचं पोट.

८. नसताना काय चुकतं, यावरून कळतं की आपण कशाला धरून होतो. निवडणुका लागल्या की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश अनेकांना येतो. २०२४ मध्ये आमच्या मुंबई उत्तर-पश्चिमचा लोकसभेचा निकाल ४८ मतांवर लागला. त्या धामधुमीत आमचं बत्तीस बोअर पावतीच्या बदल्यात सरकारी कपाटात गेलं होतं. तेवढे आठवडे घरात कुणाची झोप उडाली नाही. दाराची कडी तीच, रखवालदार तोच, तोही पूर्वीप्रमाणेच दीडनंतर डुलक्या घेणारा. रविवारी सकाळी मात्र मी कपाटाशी जाऊन उभा राहिलो. तेलाची बाटली होती, मलमलीची चिंधी होती, नळीतून फिरवायचा ब्रश होता. सौ. चहा घेऊन आली आणि म्हणाली, “अहो, हवं तर पंख्याला तेल घाला, तो कुरकुरतोय.” घातलं. सुरक्षेसाठी म्हणून ज्याचा परवाना आहे, त्याने मला इतकी वर्षं दिलं काय, तर दर रविवारी अर्ध्या तासाची निवांत कामगिरी. हे परवान्याच्या अर्जात कारण म्हणून लिहिता येत नाही, नाहीतर खरं तेच लिहिलं असतं.

९. पुढच्या पिढीला आपलं प्रेम वारशात देता येत नाही, फक्त वस्तू देता येते. तीही नियमांत बसली तर. २०१९ च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला. माझा मुलगा संगणकात काम करतो. त्याला या कपाटात रस नाही, पण नव्या गोष्टींची बातमी मात्र तोच आणतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्या कंपनीने ‘प्रबल’ नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. भारतात बनलेलं हे पहिलंच, ज्याचं चक्र बाजूला उघडतं, मधोमध मोडावं लागत नाही. मुलाने फोनवर चित्र दाखवलं आणि विचारलं, “बाबा, इतकं सगळं नवीन केलं, मग काडतूस तेच जुनं का ठेवलं?” मी नियम, प्रतिबंधित बोअर, इंग्रज, छावणी असं सगळं सांगत सुटलो. त्याने मध्येच थांबवलं. म्हणाला, “म्हणजे कुणी सोडू देत नाही म्हणून टिकलंय.” मी म्हटलं, “तसंही म्हणता येईल.” आणि वॅडकटरबद्दल सांगायला सुरुवात केली. तेव्हा पहिल्यांदा त्याने फोन खाली ठेवला. रेंजवर यायला तयार आहे म्हणतो, पण एअर पिस्तुलासाठी.

१०. लोक एक प्रश्न हमखास विचारतात: उद्या सरकारने नऊ एमएम खुली केली तर? खरं सांगतो, पहिल्याच आठवड्यात मी शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात असेन. हातात घेऊन बघेन, वजन तोलेन, किंमत विचारेन, दोन-तीन चकरा मारेन. दुकानदार ओळखीचा आहे, तोही चहा मागवेल. मग मी त्याला विचारेन, की सगळे नऊ एमएमकडे वळले तर खडकीवाले बत्तीसची काडतुसं काढायची बंद तर करणार नाहीत ना, आणि माझ्या मर्यादेतली यंदाची उरलेली आहेत ती आजच घेऊन ठेवू का.